अक्कांची मधली मूठ

अक्का कोणताही कागद मधूनच वाचायला घेत. पत्र असो, फाइल असो, लग्नपत्रिका असो. माझ्या याद्यासुद्धा त्या मधूनच उघडत, आणि एक ते वीस आकडे घालून याद्या करणाऱ्या मला त्याचा भारी राग येई.

जळगावात आमचं चार जणांचं ऑफिस होतं. मराठीत लिहायला सोपा जावा असा टेक्स्ट एडिटर आम्ही बनवत होतो. कामं वाटणं माझ्याकडे, बिघाड शोधणं अक्कांकडे. त्यांचे वडील धरणगावला जिनिंगमध्ये कापूस पारखायचे. "वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा," अक्का सांगत. "आबा कोपरापर्यंत हात घालून मधली मूठ काढायचे. पिवळट, किडका कवडी कापूस तिथंच सापडायचा."

एका मे महिन्यात पिंपळनेरहून नानांचा, आमचा एडिटर वापरणाऱ्या एका जुन्या शेतकऱ्याचा, फोन आला. कोणत्या वावरात काय पेरलं, काय साधलं, काय वाया गेलं, अशा कित्येक वर्षांच्या नोंदी त्यांनी सुनेकडून टाइप करून घेतल्या होत्या. आसपासचे शेतकरी त्यांना विचारूनच पेरत. पेरणी तोंडावर आलेली, आणि आमचा नवा एडिटर घातल्यापासून फाइलमधलं मराठी जाऊन नुसती चित्रविचित्र चिन्हं दिसत होती. माझी यादी तयारच होती. "नाना, एक, फाइल सेव्ह करा. दोन..."

अक्कांनी फोन हिसकावला. "नाना, थांबा! कशाले हात लावू नका!"

"मंग बठ्ठं गयं का माय?" सगळंच गेलं असं नानांना वाटलं.

"नई नाना. बठ्ठं आठेच शे. आमच्या एडिटरले वाचता येत नई, इतलंच."

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "चुकीचं वाचून सेव्ह केलं असतं तर मूळ अक्षरं गेली असती. अंदाज चुकला तर चालतो गं. त्याच्यावर शिक्का मारू नये."

सुनेने फाइल न उघडता तशीच पाठवली. अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत, म्हणजे फाइलचं एन्कोडिंग कोणतं, हे आमचा एडिटर रेग्युलर एक्सप्रेशनने, एका साच्याने, ओळखायचा. दिवसभर मी त्या साच्यात चूक शोधली. अक्कांनी फाइल मधून उघडली. "साचा ठीक आहे. आपण त्याला वरचीच मूठ देतोय." नानांची पहिली पानं म्हणजे नुसते आकडे आणि बियाण्यांची इंग्रजी नावं. तेवढंच तपासून एडिटर अख्खी फाइल इंग्रजी ठरवत होता.

मग त्यांनी एडिटरला सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा तुकडा तपासायला लावला. पण मधून कापताना कडेचं मराठी अक्षर अर्धं तुटायचं आणि साचा अडायचा. "मूठ काढली की चार धागे तुटणारच," म्हणत अक्कांनी साचा फक्त कडांना सैल केला. तिसऱ्या दिवशी नानांनी फोनवर पानभर नोंदी मोठ्याने वाचून दाखवल्या. "टेकाडावरचं वावर. बाजरी बरी. भुईमूग नको." अक्कांनी सगळं उभ्यानं ऐकलं.

गेल्या वर्षी धुळ्याला आई एकटी पडली म्हणून अक्कांनी काम सोडलं. निरोपाच्या दिवशी मी त्यांना सोपवासोपवीची यादी दिली, एकवीस मुद्द्यांची. कपाटाची किल्ली आणि बॅकअपचा पासवर्ड यांच्यामध्ये अकरावा मुद्दा होता: 'अक्का, तुम्ही गेल्यावर मला जमणार नाही.'

त्यांनी यादी मधूनच उघडली. वाचलं. चष्मा पदराने पुसला. मग पानं उलटून, पहिल्यांदाच, त्या एकपासून वाचायला लागल्या. अगदी सावकाश.