उसणीला ताप येत नाही

माझा उजवा पाय नाईक मोरेंच्या कमरेवर होता, तेव्हाच त्यांची शुद्ध गेली. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. रुग्णालयातली चादरींची खोली. ते जमिनीवर पालथे झोपलेले. दुसऱ्यांदा पाय टेकवला तसे ते कण्हले आणि गप्प झाले.

सोबतचा शिपाई शेळके म्हणाला, "मावशी, गुण आला वाटतं. झोपले."

मी त्यांना उताणं केलं. ओठ निळे. अंग भाजत होतं, हातपाय गार. शेळकेला स्ट्रेचर आणायला पळवलं.

लखनौच्या छावणीत लष्करी रुग्णालयात मी वॉर्ड सहायिका होते. फौजेत असताना नवरा वारला, म्हणून मला नोकरी मिळाली. शिक्षण चौथी. चादरी, बेडपॅन, पेशंटला कूस बदलून देणं, हे काम सव्वीस वर्षं केलं.

मी पायाळू. जन्मताना पाय आधी आले. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावतात. मराठी जवानांना हे कळलं आणि सकाळी डॉक्टरपुढे सिक रिपोर्ट करायच्या आधी कुणी ना कुणी माझ्याकडे यायला लागला. यूपीचे जवान चिडवायचे, "अम्मा, एक लात इधर भी." बहुतेकांना बरं वाटायचं. ते दुखणं ओझ्याचं, चार दिवसांत आपोआप जाणारं. तेव्हा मला वाटायचं, माझ्या पायाने जातं.

मोरे पहिल्यांदा मंगळवारी आले. जून महिना. डाव्या कुशीत, फासळ्यांच्या खाली दुखत होतं. मलिहाबादहून मेससाठी दसेरी आंब्याच्या पेट्या आणल्या, त्या उतरवताना उसण भरली, असं त्यांनीच सांगितलं. मी म्हटलं, सिक रिपोर्ट करा. पण सोमवारी त्यांचं प्रमोशन कॅडर, म्हणजे बढतीचं प्रशिक्षण, सुरू होणार होतं. मेडिकल कॅटेगरी उतरली तर हवालदारकी गेली.

"मावशी, कागदावर काही नको. पाय लावा."

मी लावला. तळव्याला ऊब लागली. बाम चोळला असेल, असं धरून चालले.

गुरुवारी ते शेळकेच्या खांद्याला धरून आले. थंडी वाजत होती, उलट्या झाल्या होत्या. ऊन बाधलं, म्हणाले. मी चादर अंथरली.

स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा ड्यूटीवर डॉक्टर कॅप्टन मॅडम होत्या. त्यांना बीपी लागेना. त्यांनी फोनवर सांगितलं, "पेशंट शॉक में है. ओटी तैयार रखिए." मूतखडा नळीत अडकला होता. वर मूत्रपिंडात पू साचून रक्तात विष पसरलं होतं.

मॅडमनी विचारलं, कधीपासून? शेळके माझ्याकडे बघायला लागला. मीच सांगितलं. मंगळवारपासून. दोनदा पाय लावला.

त्या ओरडल्या नाहीत. "अम्मा, मोच में बुखार नहीं आता. पेशाब का पूछा था?"

नव्हतं विचारलं. शेळकेला ठाऊक होतं. लघवी लाल होत होती. कुणाला सांगायचं नाही, अशी मोरेंनी त्याला शपथ घातली होती.

मॅडमनी नंतर समजावलं ते लिहिते. कंबर बहुधा स्नायूंनी दुखते. वाकलं, वळलं की कळ येते, हळूहळू कमी होते. काही आठवड्यांत गेली नाही तर दाखवावं. पण कुशीत दुखून ताप, थंडी, उलटी, लघवीला आग किंवा रक्त असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. पाय लुळे पडले, लघवी-संडासचा ताबा सुटला, जोरात पडल्यावर दुखायला लागलं, किंवा अचानक असह्य कळ येऊन चक्कर आली, तर तासभरही थांबू नये.

शनिवारी सकाळी अकरा वाजता नाईक मोरे गेले. वय चौतीस.

त्यांची बायको साताऱ्याहून आली. मी काय केलं ते मी तिला तोंडावर सांगितलं. ती म्हणाली, "घरी असते तर मीही पायाळूच शोधला असता."

त्यानंतर मी कुणाला पाय लावला नाही.

त्या खोलीत आम्ही तिघं होतो. शेळके आहे. मी आहे.