उकंडा चिताऱ्याचे बिनडोळ्यांचे मोर

किश्शांचं अगदी कपाशीसारखं असतं. एक बोंड उकललं की शेजारचं उकलतं, अन् पाहता पाहता सारं वावर पांढरं! वेचून वेचून कंबर मोडते, तरी धुऱ्यावरची चार झाडं राहतातच. परवा जेवताना मी अमरावतीच्या कापूसबाजाराची एकच गोष्ट सांगायला घेतली, तर भाकरी गार झाली अन् सूनबाई गरम झाल्या. म्हटलं, लिहूनच काढावं. कागद तरी भांडत नाही!

लिहिण्यात चुका निघतील, त्या तुम्ही काढा. पंतोजींच्या शाळेत बाराखडी संपायच्या आत मी शाळा संपवली होती. जातीचा माळी, बापाचा वांग्या-मिरच्यांचा मळा, पण मी पडलो कापसाच्या दलालीत. तेव्हा कोण नाही पडलं! सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई पेटली होती. कोण कोणाशी लढतंय ते बाजारात एकालाही ठाऊक नव्हतं, पण ती संपू नये म्हणून अंबादेवीला नवस सगळेच बोलत! कापसाला असा भाव आला की तिवशाचा एक पाटील बैलांच्या शिंगांना चांदी मढवून बाजारात आला, अन् दिवसभर बैलांपाशीच बसून राहिला. चोरांच्या भीतीनं! बाजार बैलांनीच पाहिला.

या धामधुमीत आमची बैठक भरायची बाजारातच, उकंडा चिताऱ्याच्या मांडवात. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या उकंड्यावर, ठेवून परत उचललं होतं, तेच नाव पडलं. काम काय, तर सरकी काढलेल्या रुईच्या गाठींवर, वरच्या तरटावर, मार्का काढणं. गाडीवानाला वाचता येत नाही, हमालाला येत नाही, म्हणून प्रत्येक शेठच्या गाठीवर त्याचं त्याचं चित्र. कोणाचा हत्ती, कोणाचा सिंह, कोणाचा मोर. काजळी अन् डिंकाचा रंग, शिंदीचं देठ ठेचून केलेला कुंचला, अन् उकंडाचा हात! चार फटकाऱ्यांत मोर असा उभा राहायचा की आता पाऊल उचलतो. पिसाऱ्याचं शेवटचं पीस मात्र तो मुद्दाम उलटं वळवायचा. ती त्याची खूण.

अन् आणखी एक भानगड होती. त्याच्या कुठल्याच जनावराला डोळा नसायचा.

*

धनराज शेठ आमच्या बाजारातले मोठे आडते. त्यांचा मार्का मोर. पहिल्या गाठी तयार झाल्या तसे ते मांडवात येऊन गरजले, "उकंडा, माझा मोर आंधळा काहून?"

उकंडा हात पुसत म्हणाला, "शेठ, डोळा उघडला का चित्रात जीव येते. जीव आला का भूक लागते. माह्या बापानं देवळाच्या भिती रंगवल्या, पन डोळा सर्व्यात शेवटी. नारळ फोडून, अन् रोजचा निवद कोन दाखवन थे ठरवून. तुमचा मोर चालला गाडीत, मंग आगगाडीत, मंग जहाजात. वाटेनं त्याले दाना कोन टाकन?"

"मग काय आंधळाच जाणार विलायतेला?"

"ज्याच्या दारी पोचन त्यानं डोळा उघडावा, अन् त्यानंच दाना टाकावा. माहं काम इथलोक."

शेठनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "शेठ, आंधळाच राहू द्या. डोळे आले तर गाठीत किती सरकी कोंबली थे तो विलायतेत जाऊन सांगन!"

मोर आंधळेच गेले.

*

पण शेठ काही कमी हट्टी नव्हते. त्यांनी दुकानासाठी बोर्ड करायला टाकला. भलामोठा हत्ती, सोंडेत कमळ.

"हा बोर्ड कुठं जाणार आहे का?"

"नाई जात."

"मग उघड डोळा!"

उकंडानं नारळ फोडला, डोळा उघडला. भर बाजारात लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडा दुकानाच्या पायरीवर हजर. "शेठ, ऊस आनला का?"

"कोणासाठी?"

"हत्तीसाठी. चिमनी असती तं मूठभर कनकीत भागलं असतं!"

शेठ बाहेरून हसले, आतून घाबरले. रोज उसाची मोळी बोर्डाखाली पडू लागली. ते बाजारातल्या गायींना कळलं. सूर्य उगवायच्या आत सारा कळप पायरीवर! गिऱ्हाइकाला आत शिरायला वाट नाही. शेठ हात जोडून म्हणाले, "बाबा, मिट त्याचा डोळा!"

"उघडलेला डोळा मले मिटता येत नाई, शेठ. हत्ती आता आपल्या मौतीनंच जाईन."

अन् फळी होती सागवानी!

*

कापूस खरेदीला आलेल्या साहेबाचा एक कारकून होता, पुण्याकडचा. पगडी नीट, भाषा त्याहून नीट. तो मला म्हणाला, "काय हो महादेवराव, ह्या प्राण्यांना नेत्र का बरं नाहीत?"

मला महादेवराव म्हणणारा तो पहिलाच माणूस. बाकी सारे महाद्या म्हणत. एवढा मान मिळाल्यावर काहीतरी परत करायला पाहिजे की नाही! मी त्याच्या कानाशी लागलो. "हळू बोला, रावसाहेब. अमरावतीच्या नाक्यावर डोळेवाल्या जनावराची जकात येगळी हाये."

तो सज्जन माणूस सरळ नाक्यावर चौकशीला गेला. नाकेदाराला वाटलं, साहेबाचा कारकून विचारतोय म्हणजे वरून हुकूम सुटला असणार! त्यानं पातूरहून आलेली एक गाडी अडवली. गाठीवर दुसऱ्या कुठल्या चिताऱ्यानं काढलेला सिंह होता, चांगला बटबटीत डोळ्यांचा.

"डोळ्याची जकात काढ!"

गाडीवान खाली उतरला, बैलाची वेसण धरून त्याचं तोंड नाकेदारापुढे केलं. "माह्या या बैलाचा एक डोळा मांगच गेला. त्याची वापस दे पयले!"

*

साहेबालाही एकदा स्वतःची तसबीर काढून घ्यायची हुक्की आली. उकंडा आठ-पंधरा दिवस बंगल्यावर जाऊन बसला. लाल गाल, पिवळ्या मिशा, कोटाची बटणं, सगळं हुबेहूब. डोळ्यांपाशी येऊन अडला. घरी येऊन डोक्याला हात लावून बसला.

त्याची बायको भागाबाई म्हणाली, "इतकं काय त्यात? उघडा डोळे अन् मोकळे व्हा!"

"अवो, उघडले तं निवद कोन दाखवन? हा साहेब काय काय खाते माहीत हाये ना तुले? शिजन का थे आपल्या चुलीवर?"

भागाबाईनं गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला.

शेवटी उकंडानं तोड काढली. साहेब खुर्चीत मान टाकून झोपलाय असं चित्र केलं! आम्हाला वाटलं, आता उकंडा तुरुंगात. पण मडमेनं चित्र पाहिलं अन् पोट धरून हसली. कारकुनानं आम्हाला सांगितलं, "बाईसाहेब म्हणतात, लग्नापासून ह्यांचा चेहरा इतका बरोबर कुणी पकडला नव्हता!"

*

आता एक वेगळा सांगतो. यात हसायला नाही म्हणून गाळणार होतो, पण भागाबाई स्वर्गातून शिव्या देईल.

हसनभाई बार्शीटाकळीचा गाडीवान. शेठच्या गाठी आगगाडीत चढवून त्यांच्याबरोबर तो मुंबईच्या गोदीपर्यंत जायचा. आल्यावर उकंडाकडे त्याचं जेवण ठरलेलं. एकदा तो आला, पाय धुतले, ताटावर बसला, तोच उकंडानं विचारलं, "हसनभाई, कोनी डोळा उघडला का रे?"

दर खेपेला हेच. आम्ही हसायचो, पण उकंडासाठी सारा जीव त्या एका गोष्टीत अडकला होता. त्याच्या बापाची चित्रं देवळात होती, गाव रोज पाहत होतं. याचा एकूण एक मोर सकाळी वाळला की संध्याकाळी गेला. पुढे कोणी थांबून पाहिला का, डोळा दिला का, सांगणारं कोण?

हसनभाई भुकेला होता, बोलून गेला. "अरे भाई, गोदीवाले बोलते, वहाँ विलायत में किसको फुरसत! सुरी चलती, तरट चीर के फेंक देते."

उकंडाचा हात ताटात तसाच राहिला. माझ्या तोंडात एक टोमणा तयार होता, तो मी घासाबरोबर गिळला.

भागाबाई भाकरी वाढता वाढता थांबली. "फेकते म्हंजे कसं फेकते, भाऊ? मोराचं तोंड वर का खाली?"

हसनभाईनं तिच्याकडे पाहिलं. मग उकंडाकडे. "ऊपर, भाभी. बराबर आसमान की तरफ."

हसनभाई जन्मभर थापा मारायचा अन् दरवेळी पकडला जायचा. त्या दिवशी त्याला कोणी पकडलं नाही.

*

साहेबानं मग अकोल्याला गाठी दाबायचा प्रेस काढायचं ठरवलं. यंत्र विलायतेहून यायचं होतं, पण त्याआधी गावोगावच्या बाजारात खबर लागावी म्हणून मोठ्या कापडावर चित्र हवं होतं. कारकुनानं उकंडाला समजावलं, "शंभर माणसांचं बळ, लोखंडाचं अंग, अन् कापूस असा दाबतं की बस्स!"

उकंडानं यंत्र कधी पाहिलेलं नव्हतं. त्यानं त्याला समजलं तसं काढलं. भीम! गुडघ्याखाली कापसाची गाठ, दंड फुगलेले, गाठ बिचारी कण्हत असलेली. डोळे अर्थात नाहीत. कापड पातूरच्या बाजारात लागलं, बार्शीटाकळीत लागलं. अन् अकोल्याला ही गर्दी! साहेब खूश. फक्त कोणाच्याही गाडीत कापूस नव्हता. सगळ्यांच्या हातात हार अन् नारळ!

एक म्हातारी तर रिकाम्या शेडमध्ये पदर पसरून बसली. "भीमाचं दर्शन घेतल्याबिगर मी जात नाई."

कारकून घामाघूम. "आजीबाई, तो अजून आलेला नाही. जहाजात आहे."

"जहाजात?" म्हातारीनं त्याला खालून वर न्याहाळलं. "काहून? त्याले पोहता येत नाई का?"

*

मग ती लढाई थांबली. नवस फेडायलाही कोणी गेलं नाही. भाव बसला, शिंगांवरची चांदी उतरली, मीही दलालीचा रुमाल झटकून बापाच्या मळ्यात वांगी तोडू लागलो. धनराज शेठनं मुंबईहून कोरलेला पत्रा आणला. पत्रा गाठीवर ठेवा, बोळा फिरवा, मोर तयार! सगळे मोर सारखे, सगळ्यांना डोळे. उकंडाचा मांडव ओस पडला. त्याच्या हातचा शेवटचा आंधळा मोरही निघून गेला होता.

तो रस्त्याकडेला उभा राहून स्टेशनकडे जाणाऱ्या गाड्या पाहायचा. "महाद्या, एवढे डोळे उघडून धाडून राहिले, अन् दाना कोन टाकून राहिलं?"

भागाबाई आता आमच्या मळ्यातली वांगी विकायची; डोक्यावरची टोपली सावरत म्हणायची, "तुमीच टाका! आज तुमच्या ताटात जे पडनार हाये ना, थेच टाका!"

पण साहेबाला झोपलेली तसबीर आठवली असावी. यंत्र एकदाचं आलं, तेव्हा त्यावर शेंदराचं स्वस्तिक काढायला त्यानं उकंडालाच बोलावलं. आम्ही सारेच अकोल्याला गेलो. शेठ आले, कारकून आला, स्टेशनवरून पेट्या आणल्या त्या हसनभाईनंच. भागाबाई वाटेतल्या बाजारातून ज्वारी घेऊन आली होती, पदरात बांधून.

पेटीला साहेबाचा शिक्का होता. तो सगळ्यांसमोर तोडला. आत लोखंडाचं चाक, अन् घासू नये म्हणून त्याच्याभोवती जुनी तरटं कोंबलेली. हसनभाई एकेक ओढून बाहेर फेकत होता. एक तरट फेकता फेकता तो थांबला.

"उकंडाभाई..."

तरटावर मोर होता. पत्र्याचा नव्हे, हाताचा. पिसाऱ्याचं शेवटचं पीस उलटं वळलेलं. विलायतेला जाऊन, सुरीनं फाटून, कुठल्यातरी कारखान्यात पडून परत आलेला.

अन् त्याला डोळा होता.

काजळीचा नाही, निळा. आमच्याकडे कधी न पाहिलेला निळा. बारीक कुंचल्यानं, हात न हलवता काढलेला, मधोमध चमकेचा एक ठिपका कोरा सोडलेला.

साऱ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"महाद्या!" शेठ ओरडले.

"अंबादेवीची आण! शिक्का तुमच्यासमोर तुटला ना!" आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो, अन् कोणी ऐकायला तयार नव्हतं. कारकुनानं तुटलेला शिक्का उचलून पाहिला, तरट पाहिलं, अन् ती नीट पगडी काढून डोकं खाजवलं.

उकंडानं माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यानं कारकुनाला विचारलं, "साहेबाले इचारा, तथून इथलोक यायले किती वखत लागते?"

साहेब म्हणाला, महिने लागतात.

"महिने?" उकंडा खाली बसला. तरट जमिनीवर पसरलं, सुरकुत्या हातानं सारख्या केल्या. मग भागाबाईकडे न पाहताच त्यानं हात पुढे केला. भागाबाईनं पदराची गाठ सोडली.

उकंडानं ओंजळभर ज्वारी मोराच्या चोचीपुढे ओतली.

"खा बाप्पा," तो म्हणाला. "लय उपाशी आला तू."