पाठीचे डोळे

निरोप समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी फुटबॉल क्लबचे अध्यक्ष काचवाल्याच्या दुकानात आले आणि हातातली कागदी पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी, अगदी जपून काउंटरवर ठेवली. आत एक जर्सी होती. धुऊन धुऊन निळ्याची राखाडी झालेली, पाठीवर पाच नंबर, डाव्या खांद्यावर रफू.

"चौकट जाड लाकडाची कर. काच खरी लाव, प्लॅस्टिक नको," अध्यक्ष म्हणाले. "हॉलमध्ये मधल्या भिंतीवर टांगायची आहे. हे काम तुझ्याशिवाय कुणाला देणार? तू त्याचा जवळचा माणूस."

जवळचा तर तो होताच. मैदानात त्या पाच नंबरच्या सगळ्यांत जवळ काचवालाच उभा असे, बरोबर पाठीमागे, गोलरक्षक म्हणून गोलात. तो 'हो' म्हणाला. अध्यक्ष रस्ता ओलांडून गेल्यावर त्याने पिशवी उचलली, तुटक्या काचांच्या खोक्यामागे सरकवली आणि एका गिऱ्हाइकाच्या आरशाची काच कापायला घेतली. ती वाकडी गेली. हिऱ्याची रेघ त्याच्या हातून कधी वाकडी जात नसे. 'आला आणि पायगुण दाखवला,' तो त्या पिशवीकडे बघत पुटपुटला.

त्या जर्सीच्या मालकाला सगळं शहर 'कुलूप' म्हणे. आईबापांनी ठेवलेलं नाव बस डेपोतल्या हजेरीपुरतं उरलं होतं. तिथे तो मेकॅनिक होता. मिसरूड फुटायच्या वयात क्लबात आला आणि गुडघा संपेपर्यंत बचावफळीच्या मधोमध उभा राहिला. दिसायला काही खास नाही. धावायला लागला की भरलेलं कपाट ढकलत नेल्यासारखा वाटे. पण समोरच्याने कितीही नाच केला तरी हा त्याच्या पायाकडे बघायचाच नाही. "पाय खोटं बोलतात, कंबर खोटं बोलत नाही," असं तो नव्या पोरांना सांगायचा, आणि ती पोरं मोठी होऊन दुसऱ्या पोरांना तेच सांगायची. दोनदा मोठ्या क्लबांनी बोलावलं. "तिथे माझं कोण आहे?" म्हणून गेला नाही. क्लब खालच्या गटात घसरला तेव्हा चांगले चांगले खेळाडू पाठ फिरवून निघून गेले. हा राहिला आणि दोन वर्षांत क्लबला परत वर घेऊन आला. एवढं सगळं खरं होतं. काचवाल्याला नाकारता आलं असतं तर त्याने आनंदाने नाकारलं असतं.

पण कुलूपची खरी ख्याती वेगळीच होती. लोक म्हणत, त्याच्या पाठीला डोळे आहेत. मागून, नजरेआडून एखादा फॉरवर्ड चोरपावलांनी शिरला की कुलूप मान न वळवता एक पाऊल बाजूला व्हायचा आणि चेंडू नेमका त्याच्या पायावर यायचा. मैदानाच्या पायऱ्यांवर बसलेले म्हातारे मांडीवर थापा मारायचे. वर्तमानपत्रातही एकदा तसंच छापून आलं.

आता पाठीला डोळे असतात होय कुणाच्या? ते डोळे काचवाल्याच्या डोक्यात होते आणि त्याच्या घशातून बाहेर पडत होते. "डावा!" "उजवा!" "सोड!" एवढे तीन शब्द तो सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ओरडत असे. पायऱ्यांपर्यंत त्यातलं काही पोचायचं नाही. संघातली पोरं तर चिडवायची, गोली आपला उंटावरून शेळ्या हाकतोय. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज इतका बसलेला असे की गिऱ्हाइकांशी तो खुणांनी बोले.

"किती गोल अडवलेत काल?" मिठाच्या गरम पाण्याचा पेला पुढे करत बायको विचारायची.

"एकही नाही. आलाच नाही माझ्यापर्यंत."

"मग घसा कशाने बसला?"

तो गुळण्या करायचा.

दुखणं नेमकं हेच होतं. चेंडू त्याच्यापर्यंत यायचाच नाही. एकदा निवड समितीचे लोक खास त्याला बघायला आले. त्या दिवशी कुलूपने असं काही दार बंद केलं की काचवाल्याच्या हातमोज्यांना मातीसुद्धा लागली नाही. समितीतले एक गृहस्थ जाताना म्हणाले, "वाईट नसावा. पण याला काही करावंच लागलं नाही, कसं ठरवायचं?" आणि त्यांनी शेजारच्या क्लबाचा गोली निवडला. त्या क्लबाचा बचाव म्हणजे गळकी बादली, त्यामुळे तो बिचारा दर सामन्यात हवेत उडत असे आणि डोळ्यांत भरत असे. काचवाला त्या रात्री जेवला नाही.

माणसाला दुसऱ्याच्या पैशाचा हेवा वाटतो, रूपाचा वाटतो. काचवाल्याला कुलूपच्या घामाचा हेवा वाटे. कुलूप सामन्यानंतर चिखलाने माखलेला यायचा आणि काचवाल्याची जर्सी, घडी घालून परत कपाटात ठेवावी इतकी कोरी. आणि या जळफळाटाच्या तळाशी एक गोष्ट होती, ती त्याने बायकोलाही कधी सांगितली नव्हती. आपण चांगले गोली आहोत की नाही, हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं.

निरोप समारंभात तो दुसऱ्या रांगेत बसला होता. कुलूप काठी टेकत उभा राहिला आणि त्याने आभार मानायला सुरुवात केली. आईचे मानले. सुट्टी देणाऱ्या डेपोच्या फोरमनचे मानले. जर्सी धुणाऱ्या मावशींचे मानले, तेव्हा मावशींनी डोळ्याला पदर लावला. फाटकावरच्या पहारेकऱ्याचे मानले. आता आपणच, असं वाटून काचवाल्याने मांडीवरची टोपी शेजारच्या खुर्चीवर ठेवली, उठताना पडायला नको म्हणून. कुलूपने आपल्या गुडघ्याचेही आभार मानले, लोक हसले, आणि तो खाली बसला. काचवाल्याने टोपी परत मांडीवर घेतली.

"मावशींचं नाव घेतलं आणि तुमचं नाही?" घरी बायकोने विचारलं.

"नाही."

"अहो, मावशी दर आठवड्याला जर्सी धुऊन द्यायच्या. तुम्ही काय दिलंत कुलूपला?"

"घसा दिला," काचवाला म्हणाला आणि पाठ करून झोपला.

म्हणून ती पिशवी खोक्यामागे पडून राहिली. अध्यक्ष दुकानात डोकावले की काचवाला कधी लाकूड आलं नाही म्हणे, कधी खिळे. दुकानात लाकडाचा ढीग होता.

नव्या हंगामाचा पहिला सामना आला. कुलूप आता पायऱ्यांवर बसणार होता आणि काचवाला सकाळपासून शीळ घालत होता. 'आता कळेल,' तो स्वतःला बजावत होता. काय कळेल ते मात्र पुढे बोलत नव्हता.

कुलूपच्या जागी एक पोस्टमन आला होता. मुलगा सज्जन, पण पत्रं वाटावीत तसे त्याने समोरचे सगळे फॉरवर्ड बिनचूक काचवाल्याच्या पत्त्यावर पोचवले. काचवाला "डावा!" ओरडला की तो वळून विचारी, "काय म्हणालात?" आणि तेवढ्यात चेंडू डावीकडून गोलासमोर. असा मारा काचवाल्याने जन्मात पाहिला नव्हता. पहिला चेंडू त्याने छातीवर घेतला. दुसरा मुठीने उडवला. तिसरा कोपऱ्यात वर चालला होता, त्याला बोटांची टोकं कशी लागली हे त्याचं त्यालाही कळलं नाही. मग कळायचं थांबलंच. कोपर फुटलं, दातांत माती गेली, आणि प्रत्येक वेळी उठताना त्याला वाटे, येऊ दे अजून. शेवटी गर्दीतून एक घुसला आणि क्लब एका गोलने हरला. हरलेल्या माणसाने इतकं खूश होऊ नये, पण काचवाला झाला. त्याने मुद्दाम जर्सी झटकली नाही. चिखलासकट तो पायऱ्यांखालून चालत निघाला.

वरून आवाज आला, "बघितलंस? कुलूप नाही तर किती मारा झाला."

"तेच तर. तो होता तेव्हा इथपर्यंत कुणी फिरकत नव्हतं. आता कळली त्याची किंमत."

सगळ्या माना हलल्या. काचवाला तिथेच थबकला. म्हणजे जितके अडवले तितके सगळे त्या लंगड्याच्या नावावर. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि हा नागोबा तर आज मैदानात उतरलाही नव्हता! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी कुलूप काठीवर हात ठेवून उभा होता.

"आज तुला पहिल्यांदा खेळताना पाहिलं," तो म्हणाला.

"डोकं फिरलंय का तुझं? सगळी उमर एका मैदानात काढली आपण."

"तू मागे, मी पुढे. तोंड तिकडे. कधी बघणार?"

काचवाल्याला हे कधी सुचलंच नव्हतं. पण आज तो ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता. इतके महिने गिळलेलं त्याने एकदाचं बोलून टाकलं. "मावशी आठवल्या. फाटकावरचा आठवला. गुडघासुद्धा आठवला. आणि मी?"

कुलूप काठीच्या टोकाने जमीन उकरत राहिला. "नाही आठवलास. खोटं कशाला बोलू? तुझा आवाज इतकी वर्षं कानात होता, मला तो माझ्याच डोक्यातला वाटायचा. मलाही वाटायचं, आपल्या पाठीला डोळे आहेत. आज वर बसलो होतो. तू 'डावा' ओरडलास, वर दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल, पण माझा पाय आपोआप पुढे गेला. पुढच्या रांगेतल्या बाईंना लाथच बसायची. तेव्हा कळलं."

काचवाल्याने हातमोजे काढून काखेत मारले.

"आणि तू इतका चांगला गोली आहेस, हे कधी सांगितलं नाहीस ते?"

"मी सांगायचं?"

"मग कोण सांगणार? मला माहीत असतं तर अर्ध्या वेळा मी पळालोच नसतो. सोडले असते तुझ्यावर." त्याने गुडघ्याकडे बोट दाखवलं. "हा तरी वाचला असता."

एवढं बोलून कुलूप काठी टेकत निघून गेला. काचवाला बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिला. ती पाठ त्याला पाठ होती: उजवा खांदा किंचित खाली, मान जाड, चालताना डावीकडे झोक. बायकोचा चेहराही त्याने इतका वेळ एकटक पाहिला नसेल.

त्या आठवड्यात त्याने खोक्यामागची पिशवी काढली. जर्सी पुठ्ठ्यावर पसरली, पाच नंबर वर करून. उजवा खांदा त्याने केसभर खाली ठेवला. कुणाच्या लक्षात आलं नसतं. आलं असतं तर काम वाकडं म्हणाले असते.

टांगायच्या दिवशी हॉल भरला. बायकोही आली होती. चौकट वजनदार झाली होती आणि भिंतीतले हूक उंचावर होते. शिपायाचा हात पुरेना, शेवटी ज्याचा सत्कार त्यालाच हमाली करावी लागली. कुलूपने काठी बाजूला ठेवली, चौकट दोन्ही हातांनी वर धरली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हूक त्याला दिसत नव्हते. काचवाला सवयीने मागे जाऊन उभा राहिला.

"डावा," तो म्हणाला. चौकट डावीकडे सरकली. "उजवा. थोडा. बस."

चौकटीची एक कड भिंतीपासून जरा सुटली होती आणि त्या फटीतून फक्त काचवाल्याला दिसत होतं. मागची तार हुकाच्या टोकावर आली होती, आत बसली नव्हती. आता 'सोड' म्हटलं तर हा सोडणार. बघणार नाही, विचारणार नाही. काच, जर्सी, कीर्ती, सगळं एका आवाजासरशी फरशीवर. आणि लोक म्हणतील, कुलूपच्या हातून निसटलं. काचवाल्याच्या तोंडात तो शब्द आला. त्याची चव त्याला आवडली, हे कबूल करायला हवं.

कुलूप चौकट धरून तसाच उभा होता. गुडघा भार घेत नव्हता. तरी तो वळला नाही.

"वर घे," काचवाला म्हणाला. "अजून. हं." तार आत बसली. "सोड."

कुलूपने त्याच क्षणी दोन्ही हात काढले. चौकट जागच्या जागी राहिली.

"पाहिलंत?" अध्यक्ष म्हणाले. "मागे न बघता, एका दमात सरळ. उगाच नाही म्हणत, पाठीला डोळे आहेत."

"आहेतच," कुलूप म्हणाला. त्याने मान वळवली नाही, नुसता अंगठा खांद्यावरून मागे केला. "हे काय, मागे उभे आहेत. घसा बसलाय त्यांचा, पाणी द्या कुणीतरी."

आधी लोक हसले. मग एकेक जण वळून काचवाल्याकडे बघायला लागला. पायऱ्यांवरचे म्हातारे, पोस्टमन, मावशी. कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल वाजवू लागला. काचवाल्याला टोपीचं काय करावं कळेना. त्याने ती डोक्यावरून काढली, परत घातली, आणि पाण्याचा पेला हातात आला तो घटाघटा पिऊन टाकला.

"झालं ना एकदाचं समाधान?" घरी जाताना बायकोने विचारलं.

"कसलं समाधान?" काचवाला म्हणाला. चेहरा काही केल्या गंभीर राहत नव्हता. "जन्मात माझ्याबद्दल एक वाक्य बोलला. आणि टाळ्या पडल्या त्या त्याच्या वाक्याला."