स्वयंपाकघरातलं कानडी

शाळेत पंधरा वर्षं वरच्या पट्टीत शिकवून माझा आवाज बसला, तो उठलाच नाही. डॉक्टरांनी घशातली गाठ काढून तपासायला पाठवली. रिपोर्ट दहा दिवसांनी येणार होता, आणि तीन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही असं त्यांनी बजावलं होतं.

मदतीला सासूबाई कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीहून आल्या. त्या आणि माझा नवरा, मायलेक एकमेकांशी कानडीतच बोलतात. मी करकंबची, मराठी मुलखातली. लग्नाला बारा वर्षं होऊनही मला पाच-पंचवीस शब्दांपलीकडे कानडी येत नव्हतं, आणि त्यावाचून कधी अडलंही नव्हतं.

तोंड बंद असलं की माणसाचे कान फार तीक्ष्ण होतात. स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज सुरू झाली की मी दाराआड थांबायची. मी आत गेले की दोघं मराठीत भाजीवर यायचे. त्या कुजबुजीतला एक शब्द मात्र मला पक्का कळत होता, ‘हेळब्याड’. म्हणजे सांगू नको.

काय सांगू नको? मला वाटलं, रिपोर्ट आधीच आलाय आणि तो वाईट आहे. नवरा आंघोळीला गेला असताना मी त्याचा फोन तपासला. काही सापडलं नाही, तर वाटलं, पुसून टाकलं असणार. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर काम करतो. एक दिवस बोटाला पट्टी बांधून आला. पाटीवर लिहून विचारलं, तर गाडीच्या स्टँडमध्ये सापडलं म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. सासूबाई तर दिवसभर हसतमुख. मरणाऱ्या माणसापुढेच कुणी इतकं हसतं, असं माझ्या मनानं घेतलं. जेवण जाईना.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी सकाळी मी माझा फोन डब्यांमागे ठेवून दोघांचं बोलणं टिपलं आणि शेजारच्या मावशींकडे नेलं. त्या मूळच्या अक्कलकोटच्या, कानडी जाणणाऱ्या. त्यांनी दोनदा ऐकलं.

“अगं, रिपोर्टचं त्यांनाही काही माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “तुझ्या काळजीत त्याचं लक्ष नव्हतं, म्हणून मागात बोट सापडलं. ते तुला सांगू नको म्हणते त्याची आई. आणि घरात तोंड पाडून बसू नको म्हणून त्याला रागावते.”

मला आधी हायसं वाटलं, मग लाज वाटली. घरी येऊन पाटीवर लिहिलं, “मला सगळं कळलंय. माझ्यासाठी हसायचं नाटक नको.” नवऱ्यानं ते आईला वाचून दाखवलं. तो ओशाळला. सासूबाई मात्र शेंगा सोलत होत्या, त्या सोलतच राहिल्या.

“नाटक न्हाय, पोरी,” त्या म्हणाल्या. “मला बी भ्या वाटतंय की. पर रिपोर्टाला अजून सा दिस हायत. वाईट आलं तर तवा रडू. हे सा दिस आताच कशाला जाळायचे?”

मी लगेच शहाणी झाले असं नाही. पण त्या दुपारपासून सासूबाई प्रत्येक वाक्य आधी कानडीत आणि मग मराठीत बोलू लागल्या. मला बोलता येत नव्हतं, ऐकता येत होतं. त्यानंतर चार-पाच दिवसांत मला बरंच कळू लागलं, तेव्हा लक्षात आलं की त्यांचं बहुतेक बोलणं गावाकडच्या शेळ्यांबद्दल आणि आमटीतल्या मिठाबद्दल असतं. शेळीच्या एका करामतीवर मी आवाज न करता इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. काळजी होतीच, पण तिला दिवसभर राखत बसायचं मी सोडलं.

रिपोर्ट चांगला आला. साधी गाठ होती. तरी मी तो कागद तीन वेळा वाचला आणि वरचं नाव माझंच आहे ना, तेही तपासलं. स्वभाव कुठं जातो? आवाज पहिल्यासारखा झाला नाही, थोडा घोगराच राहिला. आता वर्गात मी हळू बोलते, आणि मुलं पुढं सरकून बसतात.