कुमुदकाकूंची हाक

कुमुदकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या नेदरलँड्समधल्या आपल्या हार्लेमच्या घराच्या मागच्या दारात उभ्या राहून, कालव्याकडे तोंड करून, "अद्वैत! ए अद्वैत!" असं जिवाच्या आकांताने ओरडत होत्या. अंगात सलवार-कमीज, त्यावर गेलेल्या काकांचं ढगळ जॅकेट. मी पुण्याहून नुकतीच आलेली, मुलीच्या पाळणाघराची चौकशी करायला त्यांच्याकडे गेले होते. पोरगं पाण्यात पडलं की काय, म्हणून मी कालव्याकडे धावले. तेवढ्यात कुंपणापलीकडून एक पांढरं डोकं वर आलं. शेजारचे हेंक आजोबा. त्यांनी डचमध्ये काहीतरी विचारलं, काकूंनी डचमध्येच फाडकन उत्तर दिलं आणि दोघंही हसले. आजोबांनी विचारलं होतं, "आला का?" आणि काकू म्हणाल्या होत्या, "येईल हो, आधी चालायला तर लागू दे!" हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

माझ्याकडे वळून मात्र त्या मराठीत म्हणाल्या, "ऐकलंस ना? 'द्वै' उडून गेलं वाऱ्यात. नको हे नाव."

तो अद्वैत म्हणजे कुणा ओळखीच्यांचं चार दिवसांचं बाळ. ते आपल्या घरी, आईच्या कुशीत झोपलं होतं. आमच्याकडच्या मराठी घरांत मूल झालं की पुण्या-मुंबईच्या आजीच्याही आधी काकूंना फोन जायचा. नाव डच जिभेला पेलणारं हवं, अर्थ संस्कृत हवा, शिवाय वर्गात दुसऱ्या कुणाचं नको. या सगळ्या अटी घेऊन काकू मागच्या दारात जायच्या आणि हाक मारून बघायच्या. "घरात सगळीच नावं गोड लागतात गं. वाऱ्यात टिकतं ते खरं." मुली नवऱ्यांसोबत या देशात आलेल्या, नोकरी शोधणाऱ्या, एकेकट्या. त्यांना नावापेक्षा ती हाक मारणारी बाई हवी असायची, असं मला आता वाटतं.

काकूंनी बरीच वर्षं पाळणाघरात काम केलं होतं. तिथे प्रत्येक मुलाच्या कोटासाठी बुटकी खुंटी असते आणि खुंटीवर नाव. आपल्या पोरांच्या नावांची तिथल्या बायका कशी मोडतोड करतात ते काकूंनी रोज पाहिलं होतं. "हृषीकेशचं रिक झालं माझ्यासमोर. त्याच्या आईला सांगायची हिंमत झाली नाही," म्हणायच्या. तेव्हापासून त्यांचा सिद्धान्त ठरलेला: "नाव खुंटीवर मावलं पाहिजे आणि पत्रिकेतही."

त्यांचा नियम एकच होता आणि त्यात कुणालाच सूट नव्हती. मूल जन्मल्याशिवाय त्या नावाचा विषयसुद्धा काढू देत नसत. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीने सहाव्या महिन्यात नावांची यादी पाठवली, तर तिला अशी झापली की ती रडायलाच लागली. "हाक मारली की माणूस निघतो. ज्याची तयारी झालेली नाही त्याला हाक मारू नये." काकू संस्कृत घेऊन बी. ए. झालेल्या, पेपर वाचणाऱ्या, पण इथे त्यांच्याशी वाद नाही. कारण घरातच पुरावा होता. त्यांच्या वडिलांच्या आधीची तीन भावंडं गेली, म्हणून यांचं नाव ठेवलं दगडू. दगडूशेट नव्वदीपर्यंत ठणठणीत जगले. "नावात जीव धरून ठेवायची ताकद असते, मेधा," असं त्या मला सांगत, तेव्हा मी मान डोलवायचे आणि मनात हसायचे.

मग काकूंच्याच मुलीला, मुक्ताला, दिवस गेले. मुक्ताचा नवरा डॉनल आयरिश. दोघं ॲमस्टरडॅमच्या झुइडास भागातल्या एकाच बँकेत होते. हा लाल दाढीचा उंच, लाजाळू माणूस काकूंना "आई" म्हणायचा आणि वरणभात हाताने कालवून खायचा, तरी काकू त्याला पाहुण्यासारखंच वागवत. एका रविवारी मीही त्यांच्याकडे जेवायला होते, तेव्हा तो पटकन बोलून गेला की मुलगा आहे, आणि त्याचं नाव सेनन ठेवायचं. त्याच्या आजोबांचं नाव.

काकूंनी डाव खाली ठेवला. "म्हणजे काय?"

"सेन म्हणजे म्हातारा, आई. सेनन म्हणजे लहानसा म्हातारा. शहाणा, असंही."

"बाळाचं नाव म्हातारा?" काकू मराठीत माझ्याकडे बघून म्हणाल्या. "कवळी घालूनच येणार म्हणायचा."

डॉनल सांगत राहिला. त्याच्या गावाजवळ नदी समुद्राला मिळते, तिथल्या बेटावर फार पूर्वी या नावाचा एक साधू राहायचा. त्या किनाऱ्यावर अजून घराघरांत एखादा सेनन सापडतो. तिथून बाहेर पडलं की कमीच. राजधानीतले लोकसुद्धा कधीकधी पुन्हा विचारतात, काय म्हणालात? बाहेरच्या देशांत तर कुणाला माहीतच नाही. आजोबा गेल्यापासून त्याच्या घरात ही हाक कुणी मारलेली नव्हती.

काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला वाटलं, चिडल्या. पण त्या पुटपुटल्या, "सेन म्हणजे जुना... अरे, सन म्हणजेही जुनाच की. वेदातला शब्द आहे. सनातनातला सन!" डॉनलने फोनवर शोधून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. शब्द खरंच एकाच मुळाचे होते. काकू खुर्चीवरून उठल्या, जावयाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. डॉनल त्या दिवसापासून घरचा झाला.

त्यानंतर काकूंनी त्या नावाचा जो ध्यास घेतला, तो पाहून आम्ही थक्क झालो. "नावातच म्हातारपण आहे. म्हणजे म्हातारं होणं आलंच! आमच्या दगडूशेटपेक्षा पक्कं काम." मुक्ताच्या पोटाला त्या "काय म्हातारबुवा?" म्हणू लागल्या. दाराशी बुटकी खुंटी ठोकून झाली, तिच्यावर नाव रंगवून झालं. आणि मुक्ताला सातवा सरला त्या आठवड्यात, मी भाजी द्यायला गेले तर काकू मागच्या दारात उभ्या. वारा समोरून येत होता.

"सेनन! ए सेनन!"

नाव कालव्यापार गेलं आणि शाबूत राहिलं. हेंक आजोबांचं डोकं वर आलं. "आला का?"

"येतोय! येतोय! या वेळी आमचाच आहे!"

"काकू, नियम?" मी चिडवलं.

"आजीला नसतो गं नियम," त्या म्हणाल्या. एवढ्या आनंदात मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

नवव्या महिन्यात एका सकाळी मुक्ताला बाळाची हालचाल जाणवेना. दवाखान्यात ठोके सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने मुलाला जन्म दिला. लाल जावळ होतं. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं, नखंसुद्धा.

इथे असं मूल घरी आणू देतात. पाळण्यात खाली थंड गादी ठेवतात, म्हणजे काही दिवस त्याला जवळ ठेवता येतं. डॉनल पाळण्याशी बसला तो हलेना. आयरिश लोक मृत माणसाला एकटं सोडत नाहीत. मुक्ता भिंतीकडे तोंड करून पडली होती. गेमेंतेत, म्हणजे नगरपालिकेत, नोंद करायची होती आणि तिथे नाव विचारणार होते.

"सेनन," डॉनल म्हणाला.

"नाही," काकू म्हणाल्या. "बारसं झालेलं नाही. आमच्यात अशा मुलाला नाव देत नाहीत. दिलं की तो अडकतो. आणि ते नाव..." पुढे त्यांना बोलवेना. मग एकदम माझा हात धरून म्हणाल्या, "मीच हाक मारली ना गं? तू होतीस. तयारी झाली नव्हती त्याची, तरी निघाला."

नाळेला पीळ पडला होता, डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ते पुन्हा सांगितलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली, आणि माझा एकही शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नाही हे मला दिसत होतं.

डॉनल रडत नव्हता. तो इतकंच म्हणाला, "आई, नाव नसेल तर मी त्याला काय म्हणून आठवू?"

काकू आत जाऊन तोंड धुऊन आल्या, कपाळाला हळदकुंकू लावलं आणि पाळण्याशी खाली बसल्या. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पण डॉनलला बहीण नव्हती. काकूंनी त्या थंड कानाशी तोंड नेलं आणि "कुर्रर्र" केलं. मग नाव सांगितलं. आपल्याकडे त्या वेळी बायका हसत आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. खोलीत आम्ही तिघी बायका होतो. कुणाचाच हात उचलला नाही.

काळ हे औषध आहे म्हणतात. मला काही गुण दिसला नाही. मुक्ता आणि डॉनल महिन्याभरात आयर्लंडला निघून गेले. ती आईशी फोनवर हवापाण्याचं बोलते. काकूंना नावांसाठी फोन येतात, तर त्या म्हणतात, "तुम्हाला आवडेल ते ठेवा." हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांनी शिव्या घातलेल्या परवडल्या असत्या. दारातली ती बुटकी खुंटी तशीच आहे, नावासकट. काकू वाकून तिच्यावर बाजाराची पिशवी अडकवतात. काढून टाकू का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू दे. पक्की ठोकलीय."

गेल्या आठवड्यात मी गेले तेव्हा मागचं दार उघडं होतं आणि काकू नुसत्याच उभ्या होत्या, काकांचं जॅकेट घालून. वारा होता. ओठ हलत होते, आवाज मात्र अजिबात नव्हता. कुंपणापलीकडून पांढरं डोकं वर आलं. हेंक आजोबा मुक्ताच्या बाळंतपणाआधी, वसंतातच आजारी पडून एनस्खेडेला मुलीकडे गेले होते, ते नुकतेच परतलेले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी काकूंना दारात पाहिलं आणि खूश होऊन विचारलं, "काय, आला का?"

मी पुढे झाले, पण काकूंनी मला हाताने थांबवलं. शेजाऱ्याला सांगावं तशा साध्या आवाजात त्या म्हणाल्या, "हो. येऊन गेला."

आणि दार लावून घेतलं.