देवाला धूसर कसं करू?

एक कॅमेरा विकत घ्यायला माणसाला किती गणपती लागावेत, तुम्हीच सांगा? आमच्या पेणकडे काळ गणपतींनी मोजतात, म्हणून विचारते. माझ्या मामाचे दोन गणपती येऊन पाण्यात गेले, तिसऱ्याच्या मूर्ती साच्यातून निघाल्या, आणि हा गृहस्थ रोह्यात आपल्या ओटीवर बसून अजून ठरवतच होता की खिशात मावणारा लहान कॉम्पॅक्ट घ्यावा की गळ्यात अडकवायचा, नवशिक्यांसाठीचा डीएसएलआर. अख्ख्या रायगड जिल्ह्यात माझ्या मामाइतका प्रामाणिक माणूस नाही आणि त्याच्याइतका संताप आणणाराही नाही. मी पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. आमच्या घरी दिवाळीच्या चकल्यासुद्धा उरलेल्या मोर्चाच्या पत्रकांवर निथळायच्या. पत्रकात 'विचार चालू आहे' हे वाक्य फक्त सरकारच्या तोंडी असतं, आणि ते कशासाठी असतं हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मामाच्या तोंडून ते ऐकलं की माझ्या डोक्यात मोर्चा निघतो.

मामा आयुष्यभर रोह्याच्या एका कंपनीत माल तपासायच्या खात्यात होता. त्याने नमुना पास केल्याशिवाय ड्रम जागचा हलायचा नाही. कंपनी सुटली, नमुना सुटला नाही. चप्पल घेतली की तो दुकानाच्या फरशीवर चालतो, मग बाहेर डांबरावर चालतो, मग शेजारच्या रसवंतीवाल्याकडून पाणी मागून चिखल करतो आणि त्यावर चालतो. आणि मग ती चप्पल 'ओल्यात घसरते' म्हणून परत करतो. भाजीवाली त्याला लांबून पाहते आणि चांगली वांगी वर काढून ठेवते, एरवी तो पाटी उपसेल म्हणून. मामी एवढंच म्हणते, "माझ्या वेळेला एवढा विचार केला असता, तर दोघंही सुटलो असतो."

कॅमेऱ्याचीही त्याने अशीच तपासणी मांडली. कॉम्पॅक्ट खिशात कसा राहतो हे पाहायला आठवडाभर शर्टाच्या खिशात साबणाची वडी घेऊन हिंडला. डीएसएलआरचं वजन मानेला झेपतं का हे पाहायला पोह्यांची पुडी सुतळीने गळ्यात बांधून कुंडलिकेच्या काठाने संध्याकाळचा फिरू लागला. लोक थांबून विचारायचे, "काय हो, नवस बोललात काय?" हा गंभीरपणे सांगायचा, "नाय, लेन्स हाय." पेणच्या बाजारातला कॅमेऱ्यांचा दुकानदार त्याला फुटपाथवर पाहिला की आतल्या खोलीत जायचा. मामा तिथेही काउंटरशी उभा राहून पोराटोरांना समजावायचा, "लहानात सगळं स्वच्छ येतं, पुढचं पण, मागचं पण. मोठ्यात मागचं धूसर होतं, फोटो कसा पिक्चरसारखा दिसतो. आता तुम्हीच सांगा, धूसर पायजे का नको?" घेणारी गिऱ्हाइकं घेऊन निघून जायची. हा पुडी सोडून घरी यायचा आणि मामी त्याच पोह्यांचे दडपे करायची.

मला यावर हसू आलं असतं, पण कॅमेरा हौसेसाठी नव्हता. तो माईसाठी हवा होता.

माई म्हणजे मामाची आणि माझ्या आईची थोरली बहीण. हमरापूरला दिलेली. घरातच गणपतींचा कारखाना, आणि माई त्यात आखणी करणारी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. मूर्ती घडली, रंगली, दागिन्यांनी मढली, तरी आखणी होईपर्यंत आमच्याकडे तिला कोणी हात जोडत नाही. तोवर तो माल असतो. माईचा ब्रश फिरला की तो देव होतो. ठाणे, नाशिक, कुठे कुठे ज्या डोळ्यांपुढे लोक रडतात, मागणं मागतात, ते डोळे हमरापूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून एका बाईने काढलेले असतात. आणि व्यापाऱ्याच्या फलकावर फोटो कोणाचा? व्यापाऱ्याचा! स्वच्छ सदरा, कपाळाला टिळा, हातात ब्रश. त्या ब्रशाला रंगसुद्धा लागलेला नाही. मोसमात मोठाले कॅमेरे घेऊन शहरातून माणसं येतात, रांगेतल्या मूर्तींवर लेन्स रोखतात आणि माईला म्हणतात, "आजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय." माई मुकाट्याने आपला पाट सरकवते. मी तिथे असले की सरकू देत नाही, त्यावरून दोनदा भांडण झालंय, आणि पुन्हा होईल.

एकदा अशीच माणसं गेल्यावर माई ब्रश धुता धुता मामाला म्हणाली, "जल्माचं डोळं काडत आले रे मी. पन काम करताना माजं तोंड कसं दिसतं, ते काय मला ठाव नाय. येक फोटू काड माजा." साठ वर्षं ओलांडलेल्या बाईने भावाकडे मागितलेली ही एवढीच गोष्ट. मी तिथल्या तिथे फोन काढला. फोनने आपली अक्कल चालवून माईच्या सगळ्या सुरकुत्या पुसून टाकल्या. माईने पाहिलं आणि खो खो हसली. "कोन गो ही? माजी सून का काय?" मामा म्हणाला, "बघितलंस? फोन खोटं बोलतो. माईला खरा कॅमेरा पायजे." आणि तिथून साबणाची वडी आणि पोह्यांची पुडी सुरू झाली.

मधल्या काळात माईचा हात हलायला लागला. आधी चहाचा कप, मग सुई. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. मी रोह्याला जाऊन मामाला ओटीवरच गाठलं. "मामा, हात कोणासाठी थांबत नाही. काहीतरी घे! खेळण्यातला घे, पण घे!" मामा चष्मा पुसत म्हणाला, "अगो पुढारणी, घोषणा देऊन फोटो येत नाय. चुकीचा घेतला तर?" मी म्हटलं, "न घेतलेला सगळ्यात चुकीचा!" मामीने आतून टाळी वाजवली.

शेवटी त्याने डीएसएलआर घेतला, वर ती मागचं धूसर करणारी लेन्सही. आम्ही हमरापूरला गेलो. पुढे आखणी झालेल्या मूर्तींची रांग, तिच्या मागे दुसऱ्या मूर्तीवर वाकलेली माई. त्या दिवशी हात चांगला होता. श्वास रोखून ती डाव्या हाताने उजवं मनगट धरायची आणि एका ओढीत पापणी काढायची. मामा गुडघ्यावर बसला, आडवा झाला, स्टुलावर चढला. मी मागून छोट्या पडद्यात डोकावले. पुढच्या गणपतीचे डोळे असे लखलखीत, की बोलतील. माई? माई कुठेच नाही. "मामा, फोकस माईवर कर." मामाने दचकून माझ्याकडे पाहिलं. "आणि देवाला धूसर कसं करू? खुळी का काय तू?" मी म्हटलं, "देव सगळ्यांच्या घरात स्वच्छ दिसतो. आज धूसर झाला तर त्याला राग यायचा नाही." "त्याला नाय यायचा, मला पाप लागंल." मी पाय आपटले. माई म्हणाली, "भांडू नका रे, रेघ चुकंल." मामाने फोकस देवावरच ठेवला.

रोह्याला सगळे जमल्यावर मामाने ते फोटो टीव्हीवर लावले. पहिलाच आला आणि शेजारच्या काकूंनी टीव्हीला हात जोडले. वाहवा झाली. पडद्यावर देवाच्या पापणीचा केस न् केस, आणि मागे एक पिवळट ढग. माई सगळ्यात पुढे बसली होती. पुष्कळ फोटो झाल्यावर तिने हळूच विचारलं, "यात मी कुठं हाय रे?" मामाने बोट दाखवलं, "ही काय, मागं." माईने मान तिरकी करून पाहिलं. "ती व्हय? मला वाटलं, पडदा टांगलाय."

मी रागाने बाहेर ओटीवर जाऊन बसले. शहरातली माणसं तिला बाजूला व्हायला सांगत होती, आणि आम्ही, तिच्या रक्ताची माणसं, तिला न हलवताच नाहीशी करून मोकळे झालो होतो, तेही भक्तीने.

हे कमी होतं म्हणून की काय, त्या फोटोची ख्याती व्यापाऱ्यापर्यंत गेली. तो गाडी घेऊन मामाकडे आला. या मोसमाच्या फलकावर हाच फोटो टाकायचा, म्हणाला. मी तिथेच होते, तोंड उघडणार, तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "मागे ते काहीतरी आलंय ना, ते कापून टाकू." मामाने त्याच्याकडे पाहिलं. नमुना मागितला नाही, बाजू तपासल्या नाहीत, 'विचार करून सांगतो' म्हटलं नाही. "नाय," मामा म्हणाला. "ते काहीतरी नाय. ती माजी बहीण हाय. चहा प्या आणि निघा." मामाने आयुष्यात जागच्या जागी घेतलेला हा बहुधा पहिला निर्णय. मामी चहा ओतायची थांबून त्याच्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो पेणला आला, दुकानात शिरला, जुना एक कॉम्पॅक्ट उचलला आणि दुकानदार आतून बाहेर यायच्या आत पैसे ठेवून निघाला. आम्ही तसेच हमरापूरला गेलो. पण माईच्या पाटावर सून बसलेली. माईने ब्रश खाली ठेवला होता. "देवाचं डोळं वाकडं गेलं तर कोनाला सांगू?" मामा म्हणाला, "नुसता ब्रश धरून बस ना माई, फोटोपुरतं." माईने मान हलवली. "त्या फलकावरच्यासारकं? नाय रे. खोटी नाय बसायची मी."

मामा भिंतीला टेकून उभा राहिला. सूनबाई पापणी ओढायला लागली, तसा माईने श्वास रोखला, ओठ आत घेतले, आणि मांडीवर ठेवलेल्या तिच्या उजव्या हाताची बोटं ब्रश धरल्यासारखी जुळली. मामाने तेवढं टिपलं. त्या लहानशा पडद्यात सगळं होतं: देव, सून, माई, पत्र्याला टांगलेला दिवासुद्धा. सगळं सारखंच स्वच्छ. माई चष्मा वर करून कितीतरी वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "असं तोंड करते व्हय मी!" तिचा हात हलत होता म्हणून कॅमेरा मामाने धरला होता.

फोटो चांगला आलाय का? मामा म्हणतो, उजेड कमी पडला. मला तो पाहिला की अजून राग येतो, आणि रागाच्या मागून दुसरंही काही येतं, त्याचं पत्रक मला लिहिता येत नाही. म्हणून तुमच्याकडे एकच मागते. यंदा मूर्ती घ्यायला जाल, तेव्हा विकणाऱ्याला विचारा, याचे डोळे कोणी आखले? त्याला ठाऊक नसेल तर कारखान्यात फोन लावायला सांगा, आणि नाव कळेपर्यंत दुकानातून हलू नका. घरी मूर्ती पाटावर ठेवाल, तेव्हा ते नाव एकदा मोठ्याने घ्या.