अर्धी वाचलेली चिठ्ठी

मागच्या महिन्यात सकाळी पुतण्याचा फोन आला. "आत्या, आई गेली," एवढंच म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना. बोरगाव मेघेहून नालवाडी ती काय लांब, पण त्या दिवशी रस्ता संपता संपेना. अंगणात बायका बसल्या होत्या. भरलं आयुष्य जगल्या हो, सोनं झालं, असं एकमेकींना सांगत होत्या. मी मान डोलावली. पण हे भरलं आयुष्य माझ्या दीडशहाणपणापायी तेविसाव्या वर्षीच संपायला आलं होतं, हे त्यांच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. आजवर मी ते चारचौघांत कधी सांगितलं नाही. आता सांगते.

शकुंतलावहिनी समुद्रपूरच्या. चौथी शिकून लग्न होऊन आमच्याकडे आल्या. मी नुकतीच मॅट्रिक झालेली, म्हणजे घरात सगळ्यात शहाणी... असं माझंच मत होतं. मी लहान असूनही वहिनी मला 'कमलबाई' म्हणत आणि अहोजाहो करत. माझी ऐट बघून पदराआड हसत, तेही मला कळायचं. एकोणसाठ साल असावं, त्यांचं पहिलं बाळंतपण झालं आणि मूल पोटातच गेलेलं निघालं. त्यानंतर वहिनी गप्पच झाल्या. चुलीवरचं दूध उतू जायचं आणि त्या समोर बसून नुसत्या बघत राहायच्या. जेवण नाही, झोप नाही. आईनं दृष्ट काढली, गंडे बांधले, शेजारणींनी माहेरी पाठवायला सांगितलं. शेवटी दादा, माझा भाऊ, कचेरीतून रजा काढून त्यांना नागपूरला एका डॉक्टरकडे घेऊन गेला.

मनाच्या दुखण्यावर गोळी असते, हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गोळ्यांची बाटली आली, सोबत डॉक्टरांच्या हातची चिठ्ठी. वेळेवर गोळी द्यायचं काम माझ्याकडे, कारण मी शिकलेली! पहिले पंधरा दिवस काही म्हणता काही फरक नाही. तोंडाला कोरड पडायची, उठताना भोवळ यायची, म्हणून आई रोज बाटलीकडे बघून नाक मुरडायची. मग एक दिवस जेवताना वहिनी हळूच म्हणाल्या, "कमलबाई, वरणात मीठ कमी हाय का वो?" आईच्या हातातला घास हातातच राहिला. दोन महिन्यांत त्यांना पहिल्यांदा चव कळली होती. आठवड्याभरात त्या हसल्यासुद्धा. "आराम पडला व माय!" म्हणत आईनं देवापुढे साखर ठेवली.

आता आमच्याकडे 'आराम पडला' म्हणजे दुखणं गेलं, विषय संपला. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आराम पडेपर्यंत रोज घ्यावी. आराम पडल्यावर कळवावे, मगच पुढचे सांगेन.' मी आईला आणि दादाला मोठ्यानं वाचून दाखवलं ते पहिलंच वाक्य. दुसऱ्यावर नजर गेली होती, नाही असं नाही. पण बरं झालेल्या माणसासाठी नागपूरच्या खेपा कायले, असं मला वाटलं. "आराम पडेपर्यंतच घ्याची होती," मी निकाल दिला आणि अर्धी बाटली फडताळात मागे सारून ठेवली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी वहिनींना मळमळायला लागलं. सकाळी ओकारी, दिवसभर गरगरणं, अंगाला घाम. आईनं बोटं मोजली आणि तिचं तोंड उजळलं. "दिवस गेले!" झालं, घरात चिंचा आल्या, शेजारणी येऊन डोहाळे विचारू लागल्या. वहिनी म्हणत होत्या, "मले तसं नाई वाटत वो, मायं डोकंच ठिकाणावर नाई." ऐकतं कोण? आणि पोटुशीनं गोळ्या घ्यायच्या नसतात, म्हणून फडताळ आणखीच बंद झालं. पुढं पाळी आली. कोणी त्यांना रागावलं नाही, पण घर असं काही गप्प झालं की ते रागावण्यापेक्षा वाईट. वहिनी पुन्हा भिंतीशी जाऊन बसल्या, आधीपेक्षाही खोल गेलेल्या.

एका दुपारी मी गहू निवडत होते. त्या जवळ येऊन बसल्या आणि सरळ म्हणाल्या, "कमलबाई, मले आता जगावंसंच नाई वाटत."

असं काऊन बोलता, असं तोंडापर्यंत आलं होतं, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून गिळलं. सूप बाजूला सारलं, त्यांचा हात धरला तो सोडला नाही. शेजारच्या काकांना पाठवून दादाला कचेरीतून बोलावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही तिघं नागपूरला गेलो.

"गोळ्या बंद करायला कोणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं. चिठ्ठीतलं दुसरं वाक्य मी तिथंही काढलं नाही. दादा म्हणाला, "आराम पडला होता, साहेब." डॉक्टर वैतागले. "अहो, तो गोळीनं पडला होता! मोडलेला पाय दुखायचा थांबला की लगेच प्लास्टर कापता का तुम्ही?" ओकाऱ्या, गरगर, सगळं गोळी एकदम तोडल्यानं झालं, असं त्यांनी सांगितलं. दिवस गेल्याची शंका आली तरी आधी डॉक्टरांना विचारायचं, घरी ठरवायचं नाही, हेही बजावलं. मग माझ्याकडे वळून एकेक गोष्ट वदवून घेतली. पुन्हा थोड्यापासून सुरू करायची. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम घ्यायच्या नाहीत. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील, तोवर बाटली माझ्या ताब्यात, आणि वहिनींना एकटं सोडायचं नाही. कमी करायची ती डॉक्टर सांगतील तशी, हळूहळू.

वर्षाच्या वर लागलं. पण वहिनी परत आल्या, आणि मग हा माझा पुतण्या झाला. पुढं तर त्या सगळ्या नालवाडीच्या इन्स्पेक्टर झाल्या. कोणी औषध सोडलं असं कानावर आलं की दारात उभ्याच. "कोणं सांगतलं बंद कराले? डॉक्टरनं का तुमच्या सासूनं?" स्वतःच्या गोळ्या मात्र मागूनही कोणाला दिल्या नाहीत. "ते माया मापाचं औषध हाय, लुगडं नाई उसनं द्याले."

जाण्याच्या आठ दिवस आधी मी त्यांच्या उशाशी बसले होते. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "वहिनी, त्या गोळ्या मीच बंद केल्या होत्या. चिठ्ठीतलं पुढचं मी वाचून दाखवलंच नाई कोणाले."

"मले ठाऊक हाय न," त्या म्हणाल्या. "चौथी पास होती मी. फडताळातली चिठ्ठी मीबी वाचली होती."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"सुनेचं कोण ऐकते वो? पण त्या दुपारी म्हटलं, इलेच सांगाव. पोरगी चिठ्ठी अर्धी वाचते, पण वाचता येते तिले. पुरीबी वाचीन ती कधीतरी."

मी रडायला लागले. साठ वर्षं जे पोटात धरलं होतं, ते त्यांना पहिल्यापासूनच माहीत होतं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "रडता काय? बीपीची गोळी घेतली का सकायची?"

रोज सकाळी फोन करून त्या मला हेच विचारत. आता फोन वाजत नाही. मी पाण्याचा पेला घेऊन बसते, गोळी घेते आणि रिकाम्या घरात मोठ्यानं म्हणते, "घेतली वो, वहिनी."